घाट चढण्याआधी

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. एरवी हा आकडा भूगोलाच्या पुस्तकापुरता. पण ज्या पुणेकराने शनिवार-रविवारी समुद्रात तीन-चार वेळा टाकी लावून बुडी मारली आहे, आणि सोमवारी सकाळी हिंजवडीत नाहीतर खराडीत कामावर हजर व्हायचं म्हणून जो रविवारी संध्याकाळीच मालवणहून निघाला आहे, त्याने हा आकडा लक्षात ठेवायला हवा. समुद्र आणि घर यांच्यामध्ये त्याच्यासाठी सह्याद्री उभा आहे. फोंडा, करूळ, आंबोली, कोणताही घाट धरला तरी दोन-तीन तासांत तो सहाशे मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर पोचलेला असतो. पाण्याखाली शरीरात मुरलेला जादा नायट्रोजन मात्र तेवढ्या वेळात पुरता बाहेर पडलेला नसतो.

ही पुस्तिका मुख्यतः या माणसासाठी आहे. स्कूबावरची इंग्रजी पुस्तकं बहुतेक किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी किंवा विमानाने घरी परतणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. डाइव्ह झाली, तुम्ही वर आलात, आता इतके तास विमानात बसू नका, इथे त्यांचा उपदेश संपतो. गाडीने, रात्रीच्या बसने, त्याच दिवशी पठारावर चढणाऱ्याचा विचार त्यात ओझरता येतो. आपल्याकडे मात्र तीच रीत आहे. कोकणातून पुण्याला यायचं तर घाट चुकवता येत नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने वर आलात तरी शेवटी वरंधा, ताम्हिणी किंवा बोरघाट आहेच.

आधी मुळातून समजून घेऊ. आपण जमिनीवर श्वास घेतो तेव्हा हवेचा दाब एक वातावरण इतका असतो. पाण्यात दर दहा मीटर खोलीला आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, ३० मीटरवर चौपट. रेग्युलेटर आपल्याला भोवतीच्या दाबाएवढ्याच दाबाने हवा देतो, नाहीतर छाती फुगवताच आली नसती. टाकीत ऑक्सिजन असतो असा समज सर्रास आढळतो. तसं नसतं. नेहमीच्या टाकीत साधीच हवा असते, दाबून भरलेली, आणि त्यात जवळपास चार पंचमांश नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन साधारण सहा मीटरच्या खाली विषारी ठरून झटके आणू शकतो. नायट्रोजन शरीराला लागत नाही, जमिनीवर तो आत येतो तसा बाहेर जातो. पण दाबाखाली तो रक्तात आणि तिथून मेंदू, स्नायू, चरबी, सांधे यांत विरघळत राहतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. वर येताना दाब कमी होतो आणि हा साठा परत निघायला लागतो. सावकाश वर आलात तर फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आलात तर जागच्या जागी बुडबुडे धरतो. हे बुडबुडे रक्तवाहिन्यांत अडतात, मज्जारज्जूवर दाब आणतात, सांध्यात ठणकतात. यालाच डिकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. डायव्हरमंडळी नुसतं ‘बेंड्स’ किंवा ‘डीसीएस’ म्हणतात.

हे ज्ञान सहजासहजी हाती आलेलं नाही. नदीच्या तळाशी पुलाचे पाये खणण्यासाठी एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या पेट्या, म्हणजे केसन, खाली उतरवत आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यांत दाबाची हवा भरत. आत मजूर काम करत. पाळी संपवून ते वर येत आणि काही वेळाने कोणी कंबरेत वाकडा होई, कोणाचे पाय जात, कोणी मरे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः या आजाराने अंथरुणाला खिळला, आणि १८८३ साली पूल खुला होईपर्यंत त्याचे निरोप घेऊन कामावर जाण्याचं काम त्याची पत्नी एमिली हिने केलं. तोवर कारण कळलेलं होतं. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ साली आपल्या ग्रंथात नायट्रोजनच्या बुडबुड्यांकडे बोट दाखवलं होतं. उपाय म्हणजे सावकाश वर आणणं, पण किती सावकाश, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते गणित मांडलं जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. ब्रिटिश नौदलासाठी काम करताना त्यांनी दाबाच्या कोठीत बकऱ्या ठेवल्या आणि वेगवेगळ्या वेगाने दाब उतरवून पाहिला. त्रास सुरू झाला की बकरी एक पाय उचलून धरते, ही त्यांची खूण. त्यांना असं दिसलं की महत्त्व दाब किती मीटरने उतरला याला नसून तो किती पटीने उतरला याला आहे. त्यांनी शरीराचे काही काल्पनिक विभाग कल्पिले, काही पाच मिनिटांत निम्मे भरणारे, काही तासाहून जास्त वेळ घेणारे, आणि त्यावरून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते तयार केले. बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह हा शोधनिबंध १९०८ साली प्रसिद्ध झाला. आज तुमच्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर जे आकडे दाखवतो, त्यांच्या तळाशी हीच मांडणी आहे, पुढे बरीच दुरुस्त केलेली.

या घराण्याचा धागा आपल्यापर्यंत येतो म्हणून थोडं थांबतो. हॉल्डेन यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन, मोठा जनुकशास्त्रज्ञ, लहानपणीच वडिलांच्या प्रयोगांसाठी डायव्हिंगचा पोशाख घालून स्कॉटलंडच्या समुद्रात उतरला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने पाणबुडीतून सुटका कशी करता येईल याचे प्रयोग स्वतःवर केले. दाबाच्या कोठीत आलेल्या झटक्यात त्याच्या मणक्यांना कायमची इजा झाली. १९५७ साली तो भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. मनगटावरच्या यंत्राने ‘थांब’ म्हटल्यावर कंटाळणाऱ्यांनी, तो आकडा मिळवताना माणसांनी आपली हाडं पणाला लावली होती, हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

आता घाटाकडे येऊ. हॉल्डेन यांनी दाखवलेली गोष्ट इथे नेमकी लागू पडते. समुद्रावर दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका, तर पुण्यात साधारण ७१०. म्हणजे सहा-सात टक्के कमी. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर मालवणहून पुण्याला येणं म्हणजे पृष्ठभागावर आल्यावर आणखी दोन-सव्वादोन फूट वर येणं. आंबोली सुमारे ६९० मीटरवर, तिथे आणखी थोडं जास्त. फरक लहान आहे, हे मान्यच करायला हवं, आणि घाबरवण्यासाठी तो फुगवून सांगू नये. विमानाच्या केबिनमध्ये दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावा इतका उतरतो, त्यापुढे घाट काहीच नाही. पण तक्ता किंवा कॉम्प्युटर तुम्हाला बाहेर सोडतो तो समुद्रसपाटीवरच्या दाबाचा हिशेब धरून. दोन दिवस सलग डाइव्ह करून शरीर जर त्या मर्यादेच्या काठावर असेल, तर काठापलीकडे जायला लहान फरकही पुरतो. बहुतेक डाइव्हनंतर रक्तात काही बुडबुडे असतातच. डॉप्लर यंत्राने ते ऐकू येतात आणि माणसाला काहीही होत नाही. दाब उतरला की मात्र तेच बुडबुडे फुगतात.

विमानप्रवासाचे मान्य संकेत असे आहेत: एकच डाइव्ह, तीही थांबे न घेता वर येता येईल अशी, तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस, तर किमान १८ तास, टप्प्यांचे थांबे घ्यावे लागलेल्या डाइव्हनंतर १८ तासांपेक्षा बराच जास्त वेळ. हे संकेत २००० फूट, म्हणजे ६१० मीटरपासून पुढच्या उंचीसाठी मांडलेले आहेत. पुणे त्या रेषेच्या जरा खाली आहे, आंबोली वर आहे. अमेरिकी नौदलाच्या तक्त्यात एवढ्या उंचीसाठी कमी साठा असलेल्याला थांबावंच लागत नाही, जास्त साठा असलेल्याला मात्र तास मोजावे लागतात. या पुस्तिकेने सगळ्यांना एकच सोपा नियम सुचवला आहे आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे: घाटाला विमानाचेच तास लावा. डाइव्ह शुक्रवार-शनिवारी उरका. शनिवारी दुपारी दोनला शेवटचे बाहेर आलात तर रविवारी सकाळी आठला अठरा तास भरतात. मग सकाळी सिंधुदुर्ग किल्ला पाहा, जेवून निघा. शनिवार-रविवारच जमत असेल तर सोमवारची सुट्टी टाका. ती मिळत नसेल, तर रविवारी पाण्यात उतरू नका. कॉम्प्युटरवर विमानाचं चिन्ह दिसत असताना ‘आपल्याला कुठे विमानाने जायचंय’ म्हणून गाडी काढणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे, ती थांबायला हवी. पहाटेच्या घाटात खांदा दुखू लागला तर तो सीटवर अवघडल्यामुळे दुखतोय असंच वाटतं, आणि मदत दोन्हीकडून दूर असते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. मालवण-तारकर्लीला जाणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांना डीसीएसचा धोका जवळजवळ नसतो. त्यांची बुडी उथळ पाण्यात, साधारण पंधरा-वीस मिनिटांची असते, मागून प्रशिक्षकाने टाकी धरलेली असते. सहा मीटरवर घालवलेल्या तेवढ्या वेळात फारसा नायट्रोजन मुरतच नाही. त्यांनी संध्याकाळी घाट चढला तर मी अडवणार नाही. त्यांना ज्याची भीती वाटायला हवी ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती उथळ पाण्यातच जास्त असते.

घाबरलेला माणूस श्वास रोखतो आणि वर झेपावतो. दाबाखाली भरलेली फुप्फुसं वर येताना फुगतात, आणि तोंड बंद असेल तर फाटतात. दाबाचा सर्वांत मोठा पालट पृष्ठभागाजवळच्या मीटरांत होतो, म्हणून हे पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकालाही घडू शकतं, दीड-दोन मीटरवरूनही. फाटलेल्या फुप्फुसातून हवा रक्तात शिरते आणि सरळ मेंदूत जाऊ शकते. माणूस पृष्ठभागावर येतो आणि काही मिनिटांत शुद्ध हरपतो. टाकीतून श्वास घेत असताना श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम बोटीवर गोंगाटात, लाइफ जॅकेट चढवता चढवता सांगितला जातो. तो किनाऱ्यावर, शांतपणे, समोरच्याकडून वदवून घेऊन सांगितला गेला पाहिजे. पुण्यातून जाणाऱ्यांना माझी विनंती आहे की आधी इथेच एखाद्या तलावात प्रशिक्षकाबरोबर तासभर घालवा. पाण्याखाली मास्कमध्ये पाणी शिरल्यावर नाकाने फुंकर घालून ते काढायची एकदा सवय झाली, की समुद्रात निम्मी घबराट होतच नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, रीतसर शिकायचं तर आता गोव्याला किंवा अंदमानला जावंच लागतं असंही नाही.

आकडेही हेच सांगतात. पेटार डेनोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी स्कूबातल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. माणसाला निकामी करणारी इजा कोणती, हे जिथे कळलं त्यांत गुदमरणं ३३ टक्के, रक्तात हवा शिरणं २९ टक्के, हृदयविकार २६ टक्के. डीसीएस अवघा अडीच टक्के. आणि सुरुवात कशाने झाली, तर सर्वांत जास्त वेळा टाकीतली हवा संपत आल्याने. म्हणजे डीसीएस माणसाला मारतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा लुळं-पांगळं करून सोडतो. मरण येतं ते मीटरकडे न पाहिल्याने, फुप्फुसाने आणि हृदयाने.

हृदयाबद्दल थोडं जास्त. पुण्यातून जाणारा हौशी डायव्हर आता पंचविशीतलाच असतो असं नाही. मुलं मोठी झाली, हातात पैसा आणि वेळ आला, म्हणून पन्नाशीत समुद्राकडे वळणारे कितीतरी आहेत. पाण्यात शिरताच हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर भार वाढतो. प्रवाहाविरुद्ध पोहावं लागलं की आणखी. ज्याला रक्तदाब, मधुमेह आहे, जो तीन मजले चढून धापतो, त्याने आधी आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं. दमा, कधीकाळी फुप्फुस बसलेलं असणं, अपस्मार, गरोदरपण, या गोष्टी आरोग्याच्या फॉर्मवर विचारलेल्या असतात, आणि पैसे भरलेत, ग्रुप खोळंबलाय म्हणून लोक सगळीकडे ‘नाही’ची खूण करून सही ठोकतात. तो कागद डायव्हर वाचावा म्हणून छापलेला आहे. सर्दी झाली असेल तर कान-सायनस समान दाबावर येत नाहीत, त्या दिवशी किनाऱ्यावर बसा, एवढंच.

आणि बोट. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यांच्या बाबतीत पाण्याखालचं सगळं पार पडलेलं होतं. बोटीत किती माणसं आहेत, जॅकेट अंगात आहे की बाकाखाली, समुद्र कसा आहे, हे पाहण्याचा हक्क पैसे भरणाऱ्याला आहे, आणि मोसम संपत आल्यावर, मे अखेरच्या उधाणात, तो हक्क वापरलाच पाहिजे. बोटीवर श्वासासाठीचा ऑक्सिजन आहे का, हेही विचारा. तो डायव्हिंगच्या टाकीहून वेगळा असतो. टाक्या कुठे भरल्या, कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो, तेही विचारा. डिझेल इंजिनाच्या धुराजवळून ओढलेल्या हवेतला कार्बन मोनॉक्साइड खोलीवर कित्येक पटींनी जास्त घातक होतो.

सर्टिफाइड डायव्हरांकडे परत येतो, कारण ते गोव्याच्या ग्रँड आयलंडला, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला, अंदमानला, लक्षद्वीपला जातात, दिवसाला तीन-तीन डाइव्ह करतात, आणि डीसीएस हा खरा त्यांचा विषय आहे. हौशी डायव्हिंगमध्ये दर दहा हजार डाइव्हमागे साधारण दोन ते चार जणांना तो होतो असं मानलं जातं. तक्ता पाळूनही होतो. साधारण चारांतल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं जन्माआधीचं भोक पुरतं बुजलेलं नसतं, त्यातून बुडबुडे फुप्फुसाची गाळणी टाळून पुढे जाऊ शकतात. पाणी कमी पिणं, शनिवारी रात्रीची दारू, अपुरी झोप, डाइव्हनंतर टाक्या उचलणं, या सगळ्याने धोका वाढतो. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर न येणं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं, दिवसाची सर्वांत खोल डाइव्ह आधी करणं.

लक्षणं बहुधा लवकर येतात. अमेरिकी नौदलाच्या नोंदींत ४२ टक्के लोकांना पहिल्या तासात, ८३ टक्क्यांना आठ तासांत आणि ९८ टक्क्यांना चोवीस तासांत ती जाणवली. खांद्यात किंवा कोपरात खोलवर दुखणं, कातडीवर जांभळट जाळी, न शोभणारा थकवा, पायाला मुंग्या, चक्कर, लघवी न होणं. यातलं शेवटचं ज्याला होतं त्याचा मज्जारज्जू धोक्यात आहे असं समजावं. आणि जवळपास प्रत्येक जण आधी नाकारतो. वजन उचललं म्हणून, बसमध्ये आखडलो म्हणून, मासे बाधले म्हणून. डाइव्हनंतर चोवीस तासांत उद्भवलेलं कोणतंही नवं लक्षण दुसरं काही सिद्ध होईपर्यंत डीसीएसच, ही सवय सगळ्या ग्रुपने मिळून लावून घ्यावी. नाकारणाऱ्या माणसाऐवजी त्याच्या मित्रांनी निर्णय घ्यावा.

तेव्हा करायचं काय? आडवं झोपवा, शंभर टक्के ऑक्सिजन द्या, शुद्धीत असेल तर पाणी पाजा, आणि पुन्हा समुद्रात उतरवू नका. खाली नेऊन ‘बरं करण्याची’ जुनी समजूत काहींच्या मनात अजून आहे. तिने माणूस दगावू शकतो. घाटाच्या पायथ्याशी असाल तर वर चढू नका. खरा उपचार दाबाच्या कोठीत, ऑक्सिजनवर. पहिल्या बैठकीला १८ मीटर खोलीइतका दाब देतात आणि ती साधारण पावणेपाच तास चालते. नौदलाकडे हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मुंबईत कुलाब्याला आयएनएचएस अश्विनी इथे नौदलाची सागरी वैद्यकशास्त्राची संस्था आहे, आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉक्टर पुढे या शाखेत जातात. शहरातल्या हायपरबॅरिक कोठ्या बहुधा मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी उभारलेल्या असतात. तिथे एवढा दाब देता येतो का, रात्री माणूस असतो का, आत रुग्णासोबत कोणी बसू शकतं का, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवावं. सौंदर्य-आरोग्य केंद्रांतल्या कापडी फुगवट्याच्या कोठ्यांचा इथे काहीच उपयोग नाही. त्यांचा दाब फारच कमी असतो.

पुढल्या प्रकरणांत तक्ते आहेत, तपासणीच्या याद्या आहेत, ओळखीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत. त्याआधी एक पान फाडून गाडीत ठेवायला म्हणून वेगळं छापलं आहे. सोमवारी सकाळी पुण्यातल्या एखाद्या अपघात विभागात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी याआधी डीसीएसचा रुग्ण पाहिलेला असेलच असं नाही. त्यांना ‘पाय बधिर झालाय’ एवढंच सांगितलं तर ते मणक्याचा फोटो काढतील आणि त्यांची काही चूक नसेल. पहिल्या वाक्यात डाइव्हिंग सांगा. मग किती डाइव्ह, किती खोल, किती वेळ, वर येताना घाई झाली का, शेवटची डाइव्ह किती वाजता संपली, घाट किती वाजता चढलात, पहिलं लक्षण कधी आलं. डाइव्ह कॉम्प्युटर बंद न करता सोबत न्या, त्यात सगळी नोंद असते. आणि ज्याच्याबरोबर पाण्यात उतरला होतात त्या जोडीदारालाही तपासणीला न्या, त्याने तीच डाइव्ह केलेली असते आणि तोही तोच घाट चढून आलेला असतो.